चौऱ्याहत्तर नंबरचे हात

धैर्यशील जगदाळे टीव्हीवर आला की संयोगिता मोहिते आवाज बंद करायची, टीव्ही मात्र चालू ठेवायची. त्याच्या बोलण्यात तिला काडीचा रस नव्हता. तो खुर्चीत कसा बसतो आणि उत्तर देण्याआधी डावा पाय कसा आत ओढतो, एवढंच ती बघायची. खोटं बोलताना माणूस आधी पाय आवरतो, हे तिला कऱ्हाडच्या कबड्डीच्या मैदानावर फ्रॉक घालायच्या वयातच समजलं होतं.

ते मैदान तिच्या वडिलांचं. तात्या मोहित्यांनी तिथे तीन पिढ्या पोरं घडवली. पाटणच्या बाजूच्या एका वाडीतला धैर्यशील असाच त्यांच्याकडे आला आणि घरातलाच झाला. संयोगिताला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून भाऊबीजेला पाटावर तो बसायचा आणि ती त्याला दादा म्हणायची. तात्या पोरांना सांगायचे, “चढाई करणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नगा, पायाकडं बघा.” पोरं पाय बघायची. रेषेबाहेर बसलेल्या संयोगिताला आणखी एक गोष्ट दिसली होती. ती तिनं कुणालाच सांगितली नाही, दादाला तर नाहीच.

पुढे दोघंही अमेरिकेत गेले. ती शरीराच्या हालचालींचं गणित शिकायला, तो तिच्या मागोमाग यंत्रांचं इंजिनिअरिंग करायला. आणि तिथल्या फुटबॉलनं दोघांना झपाटलं.

नावाला फुटबॉल, बाकी पायाचा संबंध बेताचाच. दोन्हीकडे अकरा माणसं. चेंडू हातात घेऊन समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोचवायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर पुढचे चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू गेला. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो आणि तेवढ्यात माणसं बदलता येतात. खरी गंमत तिथे आहे. हल्ला करणाऱ्या अकरांमध्ये पाच जण म्हणजे कायमची भिंत, आणि एक चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक. उरलेले पाच कोण, हे संघानं ठरवायचं. चेंडू घेऊन घुसणारा रनर, लांब पळून झेलणारा रिसीव्हर, आणि अर्धा भिंत, अर्धा झेलणारा असा आडदांड टाइट एंड. या मिश्रणाला आकड्यांत नाव असतं. पहिला आकडा रनर किती, दुसरा टाइट एंड किती, उरलेले रिसीव्हर. एक रनर, एक टाइट एंड म्हणजे ‘अकरा’. एक रनर, तीन टाइट एंड म्हणजे ‘तेरा’. दोन रनर, एक टाइट एंड म्हणजे ‘एकवीस’.

एके काळी एकवीसचा जमाना होता. मग झेलणाऱ्यांची चलती झाली आणि पिढीभर सगळे अकरावर गेले. ते बघून बचाववाल्यांनी जाडजूड गडी घरी बसवले आणि हलके, चपळ आणले. बचाव हलका झालेला दिसताच हल्लेखोर पुन्हा बारा-तेरावर आले, धिप्पाड माणसं घेऊन तुडवायला. असा हा रहाट वर्षानुवर्षं फिरत होता.

तो रहाट संयोगिताच्या यंत्रानं थांबवला. तिचं म्हणणं साधं होतं. माणूस बदलला की संघ काहीतरी सांगतो. बाकावरून उठून मैदानात येणारा खेळाडू चालत येतो, आणि चालताना त्याचं शरीर बडबडतं. पुढच्या क्षणी धडक घ्यायची असेल तर कंबर खाली बसते. पळायचं असेल तर श्वास वर चढतो. कॅमेरे आणि गवताखालच्या सेन्सरनी हे टिपायचं, कुठला गट मैदानात आलाय त्याच्याशी ताडून बघायचं आणि चेंडू कुणाकडे जाणार ते बचावाच्या कप्तानाच्या कानात सांगायचं. लीगनं एकच अट घातली. चेंडू हलण्याच्या थोडं आधी सगळ्यांच्या हेल्मेटमधले रेडिओ बंद होतात, तसं यंत्रानंही तेव्हा गप्प व्हायचं. यंत्राचं नाव तिनं ‘चाहूल’ ठेवलं होतं, आणि ते जोडायला मदतीला दादा होता.

तात्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी ती कऱ्हाडला गेली आणि परत आली तेव्हा चाहूलचं नाव ‘जगदाळे सिस्टिम’ झालेलं होतं. पेटंट दादाच्या एकट्याच्या नावावर होतं. तिनं आवाज उठवला, तर लीगकडे तक्रार गेली की मोहिते बाईंनी एका संघाची गुपितं दुसऱ्याला पुरवली. पुरावा तिच्याच संगणकावरून गेलेल्या मेलचा होता. त्या संगणकाचा पासवर्ड जगात आणखी एकाच माणसाला ठाऊक होता, कारण तिनंच तो विश्वासानं सांगितला होता. तिच्यावर पाच वर्षांची बंदी आली.

एवढंही तिनं पचवलं असतं. पण तात्यांनी दादाला फोन करून विचारलं, “खरं काय रे?” आणि तो फोनवर रडला. म्हणाला, “तात्या, पोरगी चुकली. मी घेतो सांभाळून.” तात्यांनी जन्मभर पोरांना पाय बघायला शिकवलं, आणि फोनवर पाय दिसत नाहीत. त्यांनी पोराचं खरं धरलं. त्यानंतर ते मुलीशी धड बोलले नाहीत, आणि मुलगी चोर निघाली असं समजूनच गेले. त्यांना अग्नी दादानं दिला. तिच्या विमानाला उशीर झाला होता.

त्या दिवसापासून संयोगिताला एकच गोष्ट हवी होती. हे यंत्र कुणी बनवलं ते सगळ्या देशासमोर, दादाच्या तोंडावर, कळायला हवं होतं.

*

बंदी संपली तोवर लीगची रया गेली होती. माणूस बदलणं म्हणजे यंत्राला खाऊ घालणं, हे कळल्यावर संघांनी माणसं बदलणंच सोडलं. सगळे अकरावर येऊन थिजले. मग अकरामधले पाचही जण शक्य तितके एकसारखे हवेत असं ठरलं, म्हणजे कोण काय करणार ते ओळखू येणार नाही. सगळे मध्यम उंचीचे, मध्यम जाडीचे, एकाच चालीनं चालायला शिकवलेले. रुंद खांद्यांचे, भिंतीसारखे गडी गोदामात पेट्या उचलायला गेले. प्रेक्षक जांभया देत आणि जगदाळे सिस्टिम नसलेला संघ कायम तळाला राही.

असा तळाचा संघ डेटनचा होता. त्यांचा मुख्य कोच बर्क हा ओरडून ओरडून घसा बसलेला म्हातारा. त्यानं संयोगिताला नोकरी दिली, कारण दुसरं कुणी त्याच्याकडे यायलाच तयार नव्हतं.

“सगळे गप्प बसलेत म्हणून त्या यंत्राला वाटतं, आपण सर्वज्ञ आहोत,” ती त्याला म्हणाली. “गप्प माणसांत कुणी ठासून खोटं बोललं तर ते खरं वाटतं. आपण बोलायचं. तेरा खेळायचं, आणि उरलेल्या रिसीव्हरच्या जागी एक जादा भिंतवाला आणायचा.”

“सगळ्या जगानं टाकून दिलेला गट?”

“म्हणूनच. यंत्रानं तो इतक्या वर्षांत बघितलेलाच नाही. आपण जे दाखवू तेच ते शिकणार.”

बर्कनं तिच्याकडे निरखून पाहिलं. “यात मला कप मिळेल. तुला काय मिळणार?”

“माझं यंत्र का चुकलं, हे जगदाळेला सगळ्यांसमोर सांगता येणार नाही. ते मिळेल.”

“चांगलीच दुखावलेली दिसतेस,” बर्क म्हणाला आणि कामाला लागला.

त्या खेळात एक जुना रिवाज आहे. भिंतीतल्या माणसांचे नंबर ठरावीक असतात आणि त्या नंबरच्या माणसाला चेंडू झेलायची परवानगी नसते. झेलण्याच्या जागी उभं राहायचं असेल तर त्यानं आधी पंचासमोर जाऊन दोन्ही तळवे छातीवरून फिरवायचे. मग पंच माइकवर सगळ्या स्टेडियमला सांगतो, अमुक नंबर आता झेलायला पात्र आहे. असा माणूस झेलायला म्हणून येतो, पण त्याच्याकडे चेंडू जवळजवळ कधीच जात नाही. तो येतो एका जागी आणखी एक धडक द्यायला.

डेटनसाठी ही खूण करणारा होता चौऱ्याहत्तर नंबरचा सिओने. जन्म पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवरचा, दारातून आत यायचं तर तिरकं व्हावं लागायचं इतका रुंद. तीन संघांनी त्याला काढून टाकलं होतं. तो गोदामातून परत आला होता आणि आल्या दिवसापासून संयोगिताच्या मागे मागे असायचा. तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्याला भलतीच आवडली. कुणाला अर्धपोटी उठवायचं नाही अशी तिच्या घरची रीत, म्हणून ती दुप्पट डबा आणायला लागली. सरावानंतर दोघं बाकावर बसून जेवायचे आणि तो टोंगातल्या आपल्या आईच्या गोष्टी सांगायचा. बंदीच्या वर्षांत तिच्याशी कुणी असं विनाकारण बोललं नव्हतं.

“कोच,” एकदा त्यानं विचारलं, “मी शाळेत असल्यापासून खेळतोय. सामन्यात चेंडू एकदाही माझ्या हातात आलेला नाही. या वर्षी येईल का कधी?”

ती हसली. “बघू या.”

तिथेच चूक झाली.

*

चाहूलची पहिली, ओबडधोबड आवृत्ती संयोगितानं स्वतःजवळ ठेवली होती. सरावाचं चित्रण ती त्यातून घालून बघायची. सिओने बाकावरून उठून यायचा तेव्हा त्याची कंबर, श्वास, पावलं सगळं धडकेचंच सांगायचं. पण उजव्या हाताची बोटं किंचित सैल असायची.

हीच ती गोष्ट, जी तिनं लहानपणी कुणाला सांगितली नव्हती. चढाईला जाणारा दादा नुसता वेळ काढायला निघाला असेल तर त्याची मूठ मिटलेली असायची. कुणाला तरी शिवायचं मनात असेल तर तो रेषा ओलांडण्याआधीच त्याची बोटं सुटायची. घेण्याची आशा असलेला हात आधीच उघडतो. पाय शिकवून सुधारता येतात, बोटं नाही. म्हणून तिनं चाहूलमध्ये सगळ्यात जास्त वजन बोटांना दिलं होतं. दादाला ते वजन यंत्रात आयतं मिळालं होतं आणि त्यानं ते तसंच चालू ठेवलं होतं.

सिओनेच्या बोटांत आशा होती. ‘बघू या’ म्हणून ती तिनंच घातली होती. जगदाळे सिस्टिमला ती पहिल्याच सामन्यात दिसली असती आणि सगळा डाव फुकट गेला असता.

त्याला विश्वासात घेणं शक्य नव्हतं. ज्याला माहीत आहे त्याचं शरीर ते लपवू शकत नाही, याच पायावर तर तिचं यंत्र उभं होतं. आशा नाही असं नाटक करून चालणार नव्हतं, ती खरोखरच जायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही डबे बाकावर ठेवले. त्यानं झाकण उघडायच्या आत ती म्हणाली, “परवा तू विचारलंस ना, चेंडू येईल का म्हणून. मी तुझ्या हातांची सगळी चित्रं बघितली. तुझे हात त्या कामाचे नाहीत, सिओने.”

त्याचा हात झाकणावरच राहिला.

“बोटं उशिरा मिटतात. शिकवूनही येणारं नाही ते. तुला खोट्या आशेवर ठेवलं असतं तर माझंच मन मला खात राहिलं असतं.”

“कोच बर्कना माहीत आहे?”

“सगळ्यांना माहीत आहे. तुला कुणी सांगत नव्हतं, इतकंच.”

तिच्या सांगण्यात एक अक्षर खरं नव्हतं. मासे पकडणाऱ्यांच्या घरातला पोरगा तो, त्याचे हात संघात सगळ्यात चांगले होते. त्यानं आपले तळवे उलटसुलट करून बघितले, विकत घेतलेली वस्तू खराब निघावी तसे. मग म्हणाला, “बरं झालं तुम्ही सांगितलंत. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.” आणि चटणी खायला लागला.

त्या आठवड्याच्या चित्रांत त्याची मूठ घट्ट मिटलेली होती. संयोगिताला त्याचं वाईट वाटलं का? वाटलं. पण तात्या गेले त्या रात्रीच्या विमानतळाची आठवण तिच्याजवळ कायम तयार असायची, आणि वाईट वाटलं की ती तीच काढून बसायची.

*

डेटनवर आधी सगळे हसले. पण ‘तेरा’ परत आलं म्हटल्यावर हलक्या झालेल्या बचावांची हाडं मोडायला लागली आणि हसणारे गप्प झाले. प्रत्येक सामन्यात सिओने पंचासमोर जाऊन तळवे छातीवरून फिरवायचा, पंच पुकारायचा, लोक टाळ्या पिटायचे. मग तो धडक द्यायचा. कधी कधी त्याला सांगितलेलं असायचं, एक धडक दे आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहा, तुझ्यामागे कुणी येतंय का बघायचंय. कुणीच जायचं नाही. यंत्र सांगायचं, चौऱ्याहत्तरवर माणूस खर्च करू नका. आणि ते बरोबरच असायचं. दर सामन्यात त्याची खात्री वाढत गेली. डेटन अंतिम सामन्यात पोचलं. समोर होता स्वतः जगदाळे ज्याचा सल्लागार होता तो सॅक्रामेंटोचा संघ.

सामन्याच्या आदल्या सकाळी मैदानाच्या कडेला तो तिला आडवा आला. कोट उंची, बूट उंची, बोलणं मात्र जपून ठेवलेलं कऱ्हाडचं.

“काय गं संयू, वळख देत न्हाईस?”

“वळखते की दादा. आपली माणसं इसरतात व्हय?”

“लई बारीक झालीस. खातीस का न्हाई?” तो हसला. “आगं, त्या म्हाताऱ्याच्या नादाला लागून काय मिळतंय तुला? ह्यो तुजा तेराचा खेळ झाला पोरांचा. उद्या हरलीस की ये माझ्याकडं. नाव लावतो तुजं, माझ्या खाली.”

“आणि तात्यांना काय सांगू?”

त्याचा डावा पाय आत ओढला गेला. “तात्यांना म्याच सांभाळलं शेवटपत्तूर,” तो म्हणाला. “तू कुठं होतीस?”

तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिनं दिली नाही. एवढे महिने एवढ्याशा रागावर उधळायला ती काही वेडी नव्हती.

“उद्या बोटांवर ध्यान ठेव, दादा,” ती म्हणाली.

“कुनाच्या?”

त्याला कळलं नाही. इतकी वर्षं ते यंत्र विकून, त्यातलं सगळ्यात मोठं वजन बोटांनाच का आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या रात्री संयोगिता गाढ झोपली.

*

सामना शेवटच्या प्रयत्नापर्यंत गेला. डेटन चार गुणांनी मागे होतं, शेवटची रेषा हाकेवर होती आणि चौथा प्रयत्न राहिला होता. पोचलं तर सहा गुण आणि कप, नाहीतर घर.

बर्कनं तेरा मागवलं. बाकावरून सिओने उठला, पंचासमोर गेला, तळवे छातीवरून फिरवले. पंच पुकारला, “नंबर चौऱ्याहत्तर पात्र.” संयोगितानं दुर्बिणीतून बघितलं. कंबर खाली, श्वास खाली, मूठ मिटलेली. कुठेही आशा नव्हती. समोरच्या काचेच्या खोलीत दादा खुर्चीला रेलून बसला होता, म्हणजे यंत्रानं त्याला हवं तेच सांगितलं होतं.

रेडिओ बंद झाले. मग बर्कनं डोक्यावरची टोपी काढली. तेवढीच खूण, क्वार्टरबॅकला ठाऊक असलेली. बाकी कुणाला त्या टोपीचा अर्थ माहीत नव्हता.

चेंडू हलला. सॅक्रामेंटोचा सगळा बचाव उजवीकडे कोसळला. सिओनेनं एक धडक दिली आणि सांगितल्याप्रमाणे डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. आसपास चिटपाखरू नव्हतं. आपल्या संघाचं काय झालं ते बघायला तो वळला आणि त्याला चेंडू स्वतःकडे येताना दिसला.

विचार करायला त्याला वेळ मिळाला नाही. त्याची बोटं उघडली, चेंडू त्यांत बसला, बोटं मिटली. झेलणाऱ्यांना दाखवायला ठेवावा असा तो झेल होता. सिओने रेषेपलीकडेच उभा होता. त्याला धावावंसुद्धा लागलं नाही.

स्टेडियम उसळलं. दादा खुर्चीतून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. संयोगिता त्याच्याकडे बघत राहिली. कप कुणी उचलला हेसुद्धा तिनं पाहिलं नाही.

सिओनेनं मात्र तिला गर्दीतून शोधून काढलं. चेंडू त्यानं कुणालाच दिला नव्हता. “कोच,” तो लहान मुलासारखा हसत होता, “माझ्या हातांबद्दल तुमचा अंदाज चुकला.”

“चुकला,” ती म्हणाली.

“आईला आत्ता फोन केला. ती म्हणते, त्या बाईंना सांग, आमच्या घरात कुणाच्या हातातून मासा सुटलेला नाही.”

*

जगदाळे सिस्टिम देशासमोर तोंडावर पडली म्हटल्यावर लीगनं चौकशी बसवली. सॅक्रामेंटोनं सेन्सरमध्ये ढवळाढवळ झाल्याचा संशय घेतला होता. ज्याच्याविषयी यंत्र चुकलं तो खेळाडू म्हणून सिओनेलाही बोलावलं होतं. तो नव्या सुटात, संयोगिताच्या शेजारी बसला. तीनच खुर्च्या पलीकडे दादा बसला होता.

दादानं स्वतःला वाचवायची वाट आधीच शोधून ठेवली होती. तो म्हणाला, ढवळाढवळ वगैरे काही नाही, थंडीनं गवताखालचे सेन्सर गोठले असावेत, आमची सिस्टिम निर्दोष आहे. समितीला ते सोयीचं होतं. अध्यक्ष बाई म्हणाल्या, तांत्रिक बिघाड म्हणून प्रकरण मिटवू या, डेटनचा विजय कायम. बर्कनं सुटकेचा श्वास सोडला आणि संयोगिताच्या कानाशी म्हणाला, “झालं. घरी चल.”

घरी गेली असती तर कप डेटनचा होता, झेल सिओनेचा होता आणि चाहूल दादाची होती.

तिनं शेजारी बघितलं. सिओने टेबलाखाली मोबाइलवर आपल्याच झेलाचं चित्र पुन्हा बघत होता. ती उठून उभी राहिली.

“बिघाड झालेला नाही,” ती म्हणाली. “यंत्रानं जे बघितलं ते खरंच होतं. खेळाडूला चेंडू मिळण्याची आशा नव्हती. पुढे सांगण्याआधी मला श्री. जगदाळे यांना एक प्रश्न विचारायचा आहे. यंत्रात सगळ्यात जास्त वजन उजव्या हाताच्या बोटांना आहे. ते का?”

खोलीतले सगळे दादाकडे वळले. कॅमेरेही वळले. तो म्हणाला, ते गोपनीय आहे. अध्यक्ष बाई म्हणाल्या, पेटंटमध्ये ते नमूद आहे, फक्त कारण सांगा. तो म्हणाला, ते प्रयोगांतून आलं. कुठल्या, असं त्यांनी विचारलं. त्याचा डावा पाय खुर्चीखाली गेला, मग उजवाही गेला, आणि तो गप्प झाला. ती शांतता संयोगितानं घोट घोट प्यायली. एवढी गोड वस्तू तिनं आयुष्यात चाखली नव्हती.

मग तिनं सांगितलं. घेण्याची आशा असलेला हात आधीच उघडतो. “हे मी लहानपणी एका चढाई करणाऱ्याच्या हातावरून शिकले,” ती म्हणाली आणि मराठीत वळली. “तुज्याच हातावरनं, दादा. तू कवा शिवणार, ते मला आधी कळायचं. तात्यांनाबी ठावं नव्हतं.”

दादानं आपल्या हातांकडे बघितलं आणि ते टेबलाखाली घेतले.

“पण त्या खेळाडूला आशा नव्हती, हे तुम्हाला इतकं खात्रीनं कसं माहीत?” अध्यक्ष बाईंनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे तिला उठण्याआधीच माहीत होतं. त्याला बगल दिली तर बाकीचंही कुणी मानणार नव्हतं.

“कारण ती मी घालवली. त्याच्या बोटांत आशा दिसत होती, म्हणून मी त्याला सांगितलं की तुझे हात त्या कामाचे नाहीत. ते खोटं होतं. त्याआधीचं आणि नंतरचं माझ्याकडचं चित्रण देते. दोन्हींतला फरक फक्त यंत्र बनवणाऱ्यालाच वाचता येईल.”

सिओनेनं मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. मग शाळेतल्या पोरासारखा हात वर केला आणि परवानगी मिळाल्यावर तिच्याकडेच वळून विचारलं, “म्हणजे माझे हात चांगले होते?”

“सगळ्यांत चांगले.”

“आणि तुम्हाला माहीत होतं. रोज जेवताना.”

“हो.”

त्यानं मान हलवली, वाटेत विचारलेला पत्ता नीट समजावा तशी.

संध्याकाळपर्यंत निकाल आला. पेटंटची फेरतपासणी होणार होती, जुन्या मेलच्या तक्रारीचीही. बातम्यांत यंत्राचं नाव ‘चाहूल’ असं, तिच्या नावासकट यायला लागलं होतं. दादा मागच्या दारानं गेला. जाताना तिच्याजवळ थांबून म्हणाला, “त्या पोराला तू असं... संयू, मी तरी तुला जेवायला घालून न्हाई फसवलं.”

“तात्यांच्या ताटात जेवून फसवलंस,” ती म्हणाली. तो गेला, आणि तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

मग ती लांबलचक कॉरिडॉरमध्ये सिओनेची वाट बघत उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं जुळवून ठेवलं होतं. डबाही आणला होता, नेहमीसारखा दोघांचा. तो टोकाच्या दारातून तिरका होऊन बाहेर आला आणि तिच्या दिशेनं चालायला लागला.

कंबर खाली बसलेली नव्हती, म्हणजे रागानं अंगावर येणार नव्हता. श्वास संथ होता. नजर तिच्यावरच होती आणि तो किंचित हसलासुद्धा. दुसऱ्या कुणालाही वाटलं असतं की हा आता थांबेल, दोन शब्द बोलेल, डब्यात काय आहे म्हणून विचारेल.

संयोगितानं त्याच्या उजव्या हाताच्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं आणि डबा पिशवीत परत ठेवला. तो अजून बराच लांब होता.